सुकाणूवाल्याला चारलेला ठेचा

सरांनी आमचं वजन केलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं, असं मी नंतर बरीच वर्षं सांगत आलो. नेमकं काय कळायला हवं होतं, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

गाव आमचं सिंदेवाहीच्या अलीकडे. गावाला मोठा तलाव, तलावावर आम्हा ढिवरांची मासेमारी संस्था, आणि त्या संस्थेचा मी सचिव. म्हणजे सह्या करणारा आणि शिव्या खाणारा. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. गावात मोबाइल आला होता, पण रेंज पाहिजे तर तलावाच्या पाळीवर चढावं लागे. त्यामुळे गावातली सगळी गुपितं पाळीवर उभं राहून ओरडून सांगितली जात.

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, डोंग्यांची शर्यत लावायची आमची जुनी हौस. डोंगा म्हणजे झाडाच्या खोडातून कोरलेली अरुंद नाव. नवख्यानं शिंक दिली तरी उलटते. त्या वर्षी पाळीवर एक गृहस्थ उभे होते. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात शिट्टी, हातात व्हिडिओ कॅमेरा. ते तलावाकडे बघत नव्हते, मंडईकडे बघत नव्हते. आमच्या खांद्यांकडे बघत होते.

"पाहून ठेव," मी साळ्याला म्हटलं, "मंडईत येऊन मानसाचे खांदे पाहून राह्यला. यात घोळ हाय."

"तुमाले घोळ कुठी दिसत नाई भाऊजी?" साळा म्हणाला आणि डोंगा फिरवून पुन्हा पहिला आला.

हा साळा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. भरतीचा अभ्यास करायला आमच्याकडे येऊन राहिला होता. पुस्तकात त्याचं डोकं बेताचंच, पण डोंग्याच्या शेपटाला उभा राहिला की नाव त्याच्या पायाच्या अंगठ्याचं ऐकायची. वनरक्षकाच्या भरतीत दोनदा थोडक्यात हुकला होता. आता शेवटची संधी, कारण त्यानंतर वय निघून जाणार होतं. खेळाडूंच्या कोट्यात बसलो तर जमेल असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं, पण आमच्या भागात खेळाडू म्हणजे कबड्डीत दात पाडून घेतलेला माणूस, आणि त्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

ते चष्मेवाले गृहस्थ नागपूरचे. नावा वल्हवण्याच्या खेळाच्या कुठल्याशा संघटनेचे प्रशिक्षक. संस्थेच्या पडवीत बसून त्यांनी सांगितलं, की थायलंडमध्ये एका नदीवर लांब नावांची शर्यत असते, देशोदेशीचे संघ येतात, आणि यंदा त्यांना कॉलेजातली पोरं न्यायची नाहीत. पाण्यात वाढलेली माणसं न्यायची आहेत. खर्च संघटनेचा. परत आल्यावर आंतरराष्ट्रीय सहभागाचं प्रमाणपत्र.

प्रमाणपत्र म्हटल्यावर साळ्याचे कान उभे राहिले. खर्च संघटनेचा म्हटल्यावर माझे.

माझा संशय काही हवेतला नव्हता. काही वर्षांपूर्वी असाच एक एजंट आला होता, आखाती देशात नोकऱ्या लावून देणारा. आम्ही काही जणांनी पासपोर्ट काढले. मग एजंट गेला. तो कुठल्या देशात गेला तेही आम्हाला कळलं नाही. मला उरला तो कोरा पासपोर्ट. बायकोनं तो रेशनकार्डाच्या डब्यात, रेशनकार्डाला सोबत म्हणून ठेवला होता.

सरांनी मला संघात घेतलं ते माझ्या खांद्यांमुळे, असं मी गावात सांगत फिरलो. खरं कारण असं होतं, की पासपोर्ट तयार असलेल्या ढिवरांची टंचाई होती.

मग ते वजन. सरांनी धान्याच्या काट्यावर एकेकाला उभं केलं. नाव समतोल राहायला हवी, म्हणाले. ठीक. पण त्यानंतर सिंदेवाहीच्या डॉक्टरकडे नेऊन सगळ्यांचं रक्त तपासलं आणि रक्तगट लिहून घेतला. इथे मात्र पानठेल्यावर सभाच भरली.

"नाव वल्हवाले रक्तगट कायले पायजे गा?" एक म्हातारा म्हणाला.

"किडनीले पायजे," दुसरा म्हणाला. "पेपरात आलं होतं. गुंगीचं देतात, उठून पाहावं तं पाठीले टाके."

"वजन काऊन केलं मंग?"

"मोठी किडनी कोनाची हाय ते पाहाले."

मी हसलो, पण घरी येऊन बायकोला पाठीला हात लावून बघायला सांगितलं, की किडनी नेमकी कुठल्या बाजूला असते. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "इथी असते. अन् आयका जी, त्याचं वय सरून राह्यलं. त्याले नीट घेऊन जा, नीट घेऊन या, अन् सर्टिफिकेट घेतल्याबिगर येऊ नोका." असं म्हणून तिनं स्टीलच्या डब्यात ठेचा कुटून भरायला घेतला. भिवापुरी मिरची, लसूण, मीठ. डब्याचं झाकण लावलं तरी घरातली मांजर दोन दिवस आत आली नाही.

त्या पावसाळ्यात तलाव भरला तसा सराव सुरू झाला. सरांनी दोन डोंगे एकामागे एक बांधून त्यांची एक लांब नाव केली. शर्यतीत पुढे बसून ताल द्यायला एक ढोलवाला लागतो. तो आम्ही सिंदेवाहीहून मिळवला. लग्नाच्या बँडात ताशा वाजवणारा, वयानं माझ्याएवढा. त्याला सगळेच भाई म्हणायचे. त्याला पोहता येत नव्हतं, हे त्यानं सरांना सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. भाई माझ्यासारखाच शंकेखोर होता. फक्त त्याच्या शंका जेवणापुरत्या होत्या.

सुकाणूवर अर्थातच साळा.

कलकत्त्याला विमानतळावर यंत्रातून माझी पिशवी गेली आणि परत आली. एका अधिकाऱ्यानं मला बाजूला घेतलं, डबा उघडायला लावला, नाक जवळ नेलं आणि सलग शिंकत राहिला. डोळे पुसून त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला फार बरं वाटलं. या देशात संशय घेणारा मी एकटाच नव्हतो.

"ये क्या है?"

"खाने का है साब."

"कौन खाता है?"

"हम सब," भाई मागून म्हणाला. "बच्चे भी."

अधिकाऱ्यानं डबा बंद केला आणि हात झटकले. त्यानं आम्हाला जाऊ दिलं ते विश्वास ठेवून नाही. तो डबा त्याला स्वतःजवळ नको होता.

थायलंडमध्ये उतरल्यापासून जो भेटेल तो हात जोडून हसायचा. बसवाला हसला. ज्या शाळेत आमची उतरण्याची सोय होती तिथला चौकीदार हसला. भात वाढणारी बाई तर नुसती बघूनच हसत होती. आमच्याकडे अनोळखी माणूस एवढा हसला तर दोनच कारणं असतात, निवडणूक किंवा विमा. मी रात्री पाठ भिंतीला लावून झोपायचं ठरवलं.

भाईची पंचाईत वेगळी. मांस कशाचं, हे त्याला विचारता येईना. शेवटी त्यानं त्या बाईसमोर कोंबड्यासारखं आरवून दाखवलं आणि भुवया उंचावल्या. बाईनं विचार केला आणि एक असा आवाज काढला, जो आमच्या जंगलात, आमच्या गोठ्यात, कुठेच आम्ही ऐकला नव्हता. भाईनं ताट खाली ठेवलं. त्या दिवसापासून तो केळी आणि कोरड्या भातावर जगला, आणि रोज मला सांगायचा, "ये लोग बहुत मीठे हैं. मले मीठे लोक पटत नाई."

नदी मात्र बघत राहावी अशी. गढूळ, रुंद, आमच्या वैनगंगेची थोरली बहीण शोभेल अशी. नाव तर आमच्या तलावात मावली नसती. सगळे वल्हेकरी जोडीजोडीनं बसायचे, पुढे ढोलवाला, मागे सुकाणूवाला उभा. साळ्यानं त्या लांब सुकाणूवर हात फिरवला, तो लग्नाआधी मुलगी बघायला गेलेल्या माणसासारखा.

आणि तिथेच सरांनी येऊन सांगितलं, की सुकाणू इथला स्थानिक माणूस धरणार.

"नदीला ओढ आहे, पुलाच्या खांबांशी भोवरे आहेत. आयोजकांचा नियम आहे, सगळ्या बाहेरच्या संघांना. माझ्या हातात नाही."

साळ्याचं तोंड उतरलं. "मंग मी, सर?"

"तू राखीव."

"राखीवले सर्टिफिकेट भेटते का?"

सर खाली बघत म्हणाले, "शर्यतीत जो नावेत बसेल, त्यालाच."

साळा घाटाकडे निघाला. पायरीवर जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसलो, तर तो दोन पायऱ्या खाली सरकला. आपल्या भाऊजींनी तिथल्या तिथे भांडायला हवं होतं, असा त्याला माझा राग आला होता. आणि मी भांडलो का नाही? कारण मला वाटलं, की हा सरांचा आणि त्या लोकांचा आधीपासूनचा डाव आहे, आणि डाव ओळखलेला माणूस शांत राहतो. असा मी धोरणी.

तो सुकाणूवाला दुपारी आला. पन्नाशीचा, बुटका, काळासावळा, डोक्यावर गवताची टोपी. सिरोंच्याच्या बाजारात उभा केला असता तर कोणी दुसऱ्यांदा बघितलं नसतं. तोही हसला. अनवाणी नावेत चढला, सुकाणू धरलं, आणि पहिल्याच फेरीत सरळ मध्यातून न नेता नाव काठाकाठानं लांबून नेली.

"पाह्यलं?" मी भाईला म्हटलं. "रस्ता लांब करून राह्यला. आपुन हराव म्हनून ठेवला याले."

"दुसरे संघ भी काठानंच जात होते."

"त्यायचेही सुकाणूवाले इथलेच ना!"

भाई गप्प झाला. माझा मुद्दा त्याला पटला असं मी समजलो. खरं तर त्याला भूक लागली होती.

त्या संध्याकाळी साळा जेवला नाही. घरी फोन लावायला मिळाला, तेव्हा तो बहिणीशी बोलला आणि "सगळं बेस सुरू हाय" एवढंच म्हणाला. मग फोन माझ्याकडे दिला. बायको म्हणाली, "त्याचा आवाज असा काऊन येऊन राह्यला?" मी म्हटलं, "समुद्रापलीकडून येते ना, म्हनून." तिचा विश्वास बसला नाही. कसा बसेल, माझीच बायको.

मग दुसऱ्या दिवशी मला ती युक्ती सुचली, जिचा मला कितीतरी तास अभिमान वाटत होता.

"आयक," मी भाईला घाटाच्या सावलीत गाठलं. "उद्या सकाळी शर्यत. त्या बुढ्याचं पोट आज बिघडलं, तं सुकाणू कोनाच्या हातात येईल?"

भाईनं केळं सोलायचं थांबवलं. "जहर देगा क्या बे?"

"जहर कायले? ठेचा देतो. प्रेमानं. पाहुनचार म्हनून."

"ठेच्यानं मानूस पडते?"

"आपल्या इथला पडत नाई. हे लोक नुसतं गोड हसून राह्यले. यायनं मिरची पाह्यली नसंन."

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं, की असं मला का वाटलं. आमच्या जिल्ह्यात दोन गोष्टींचा गर्व जन्मजात असतो: आमच्या उन्हाचा आणि आमच्या तिखटाचा. पुण्या-मुंबईचा साहेब आला की आम्ही त्याला मुद्दाम झणझणीत रस्सा वाढतो आणि त्याचं नाक गळायला लागलं की एकमेकांकडे बघतो. आजवर कोणी टिकला नव्हता. त्यावरून मी असं गणित मांडलं, की पुण्याच्या पलीकडे सगळं जगच तसलं असणार.

सुकाणूवाल्याच्या बायकोची नदीकाठी खाण्याची टपरी होती. भर दुपारी मी तिथे डबा घेऊन गेलो, हात जोडले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या लोकांइतकं हसलो. डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. पोटाला हात लावला, आकाशाकडे बोट दाखवलं. म्हणजे 'माझ्या घरून आलंय', असं मला सुचवायचं होतं. त्याला काय कळलं देव जाणे. त्यानं भाताच्या गोळ्याला ठेचा लावला. थोडाथोडका नाही, आम्ही पोळीला गूळ लावतो तसा.

मी वाट बघू लागलो. भाई मागे झाडाआड उभा राहून वाट बघत होता.

सुकाणूवाल्यानं चावलं. गिळलं. थोडा वेळ नदीकडे पाहिलं. मग बायकोला काहीतरी सांगितलं. तिनं येऊन बोटानं चाखला, जीभ टाळूला लावून चटकारा दिला, मान तिरकी केली आणि आत जाऊन लिंबू आणलं. माझ्या बायकोनं कुटलेल्या ठेच्यावर लिंबू पिळलं. वर माशाचं खारट पाणी घातलं. आता कुठे चव आली, अशा बेतानं दोघांनी मिळून निम्मा डबा संपवला.

मी उठायला लागलो, तर त्यानं माझा हात धरून बसवलं. पाहुणचाराची परतफेड करायची होती ना. बाईनं लाकडी उखळीत लसूण टाकला, सुकी कोळंबी टाकली, आणि एका टोपलीतून इवल्याइवल्या हिरव्या-लाल मिरच्या मूठभर टाकल्या. बाळाच्या नखाएवढ्या असतील. मला त्यांची दया आली. मग कच्च्या पपईचा कीस घालून ते सगळं कुटलं आणि ताटली माझ्यापुढे ठेवली. दोघं हात जोडून हसले.

पहिल्या घासाला काहीच वाटलं नाही. दुसरा मी जरा ऐटीतच घेतला. तिसऱ्या घासाला कानातून काहीतरी बाहेर पडलं.

चंद्रपूरच्या मे महिन्यात भर दुपारी छपरावर चढून कौलं बदललेला माणूस आहे मी. पण ते ऊन बाहेरून लागतं. हे आतून उगवलं. डोळ्यांसमोर नदीला दोन काठांऐवजी चार काठ दिसायला लागले. तरीही मी थांबलो नाही, कारण तो सुकाणूवाला बघत होता, आणि मला वाटलं की तो परीक्षा घेतोय. जिल्ह्याची इज्जत होती. मी ताटली पुसून घेतली. त्यानं खूश होऊन अजून वाढायला सांगितलं.

भाई झाडाआडून म्हणाला, "बस कर बे! तेरेकू नहीं, उसकू गिराना था!"

संध्याकाळपासून मी आणि शाळेचा संडास असे दोघंच एकमेकांना ओळखत होतो. मधल्या सवडीत भाई माझ्या उशाशी बसला होता.

"भाई, यायनं विष घातलं मले."

"ज्यानं घातलं त्यानंही तेच खाल्लं. एकाच उखळीतून."

"त्याले सवय असंन विषाची."

मग कधीतरी मला ग्लानी आली. जाग आली तेव्हा कंबर दुखत होती, डाव्या बाजूला, अगदी बायकोनं धपाटा घातला होता तिथेच. मला पानठेल्यावरची सभा आठवली. मी हळूच शर्ट वर केला आणि पालथा झालो.

"भाई, जरा पाहा तं. टाके हायेत का?"

भाईनं बराच वेळ निरखून पाहिलं. "हाव," तो गंभीर आवाजात म्हणाला, "आठ-दहा दिसून राह्यले." मी किंचाळलो, तसा अख्खा संघ जागा झाला. चटईच्या काड्यांचे वळ उठले होते.

सकाळी सर आले. त्यांनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभा राहिलो. हातात वल्हं दिलं. धरलं. "बसू शकशील ना नावेत? अंतर फार नाही," सर म्हणाले. आणि मला खरंच बसायचं होतं. अख्ख्या गावात विमानात बसलेला ढिवर म्हणून मिरवायचं तर निदान नावेतही बसलो होतो असं सांगता यायला हवं ना. मी म्हटलं, "बसतो की सर." मग नावेच्या दिशेनं चार पावलं टाकली आणि उलट्या दिशेनं धूम पळालो.

परत आलो तेव्हा माझ्या जागी साळा बसलेला होता. माझं वल्हं, माझी बनियन, पाठीवर माझा क्रमांक. सरांनी यादीत बदल करून घेतला होता. साळ्यानं माझ्याकडे पाहिलं. राग होता की गेला होता, ते कळलं नाही. मी काठावरच्या बाकावर पोट धरून बसलो आणि नजर लावली ती थेट सुकाणूवाल्यावर. आता तर त्याच्यावर दुप्पट लक्ष ठेवायला हवं होतं. नाव जर आडवी गेली, मार्ग आखलेल्या दोरीच्या बाहेर गेली, तर शर्यत बाद. आणि शर्यत बाद झाली तर प्रमाणपत्र कोणालाच नाही, हे सरांनी सगळ्यांना बजावलं होतं.

शिट्टी झाली. भाईनं ढोलावर असा काही हात टाकला, की वरातच निघाली जणू. आमची नाव सुटली. शेजारून दुसऱ्या नावा सुटल्या. निम्म्यापर्यंत आमची पोरं तिसरी होती, मी देवाशपथ सांगतो, तिसरी. साळा वाकून वाकून पाणी ओढत होता. मी सुकाणूवाल्याच्या हातांकडे बघत होतो. हात सरळ होते. मी वाट बघत होतो ते वाकडे कधी होतात याची.

आणि पुलाच्या अलीकडे, आमच्या नावेच्या अगदी कडेला, एका भल्या मोठ्या माशानं पाण्याबाहेर उडी घेतली. माणसाच्या मांडीएवढा. उन्हात चमकला आणि धपकन पडला.

तलावावर आमची एक रीत आहे. मोठा मासा उसळला की नावेतल्या सगळ्यांनी वल्ही वर उचलायची, श्वाससुद्धा रोखायचा, आणि पाण्यावरची वलयं बघायची, म्हणजे मासा कुठल्या बाजूला गेला ते कळतं आणि जाळं तिथे सोडता येतं. हे कोणी सांगावं लागत नाही. लहानपणापासून हात आपोआप वर जातात.

सगळ्यांचे गेले. परदेशात, आंतरराष्ट्रीय शर्यतीत, अख्ख्या नावेची वल्ही एका क्षणात हवेत. भाई एकटाच ढोल बडवत होता आणि त्याच्यासमोर सगळा संघ देवळात बसल्यासारखा शांत, माना डावीकडे. शेजारच्या नावा सूं सूं करत पुढे निघाल्या. काठावर लोक उभे राहिले. सर डोक्याला हात लावून खाली बसले. नदीची ओढ नावेला हळूहळू दोरीकडे नेऊ लागली.

'आता,' मी मनात म्हटलं. 'आता हा सोडून देईल नाव. आयती संधी.'

मी सुकाणूवाल्याकडे पाहिलं. आणि तो काय करत होता? तोही मान डावीकडे करून मासाच बघत होता. एका हातानं त्यानं सुकाणू पोटाशी दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं साळ्याला बोट दाखवून सांगत होता: तिकडे, पुलाकडे गेला. साळाही मान हलवून म्हणत होता, नाही, खाली गेला. त्या दोघांचा भर शर्यतीत वाद चालू होता.

मग त्याला शुद्ध आली असावी. त्यानं नावेच्या फळीवर दोन्ही पाय आपटले आणि असा ओरडला, की इतक्या दूर मला ऐकू आलं. सुकाणू पूर्ण अंगाचा भार टाकून फिरवलं. नाव दोरीपासून हातभर अंतरावर वळली. हातभरच. मी पोटदुखी विसरून बाकावर चढलो होतो आणि "हान! हान बे! हान!" असं बोंबलत होतो. शेजारची एक थाई म्हातारी घाबरून उठून गेली.

आमची नाव शेवटून पहिली आली. पण आली. सरळ आली, दोरीच्या आतून आली, सगळ्या माणसांसकट आली.

काठावर उतरल्यावर साळा ओल्या अंगानं तसाच माझ्याकडे आला. "भाऊजी, खालीच गेला होता तो. बुढ्याले कळलंच नाई." एवढंच बोलला, पण माझ्या शेजारी बसला, त्याच बाकावर, खाली न सरकता. सुकाणूवाला मागून आला आणि त्यानं माझ्या पोटाकडे बोट दाखवून, भुवया वर करून, काळजीनं काहीतरी विचारलं. मी हसलो. तो हसला. त्याच्या हसण्यात अजूनही काहीतरी आहे असं मला वाटत होतं, पण काय, ते शोधायची माझ्यात ताकद नव्हती.

प्रमाणपत्र मिळालं. वर त्यांच्या भाषेतली वेलबुट्टीसारखी अक्षरं, खाली इंग्रजी. गडचिरोलीला कागद तपासायला गेलो, तेव्हा टेबलामागच्या माणसानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, मग साळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नावेची शर्यत?"

"हो साहेब."

"थायलंडमध्ये?"

"हो साहेब."

"गाव कोणतं म्हणालात?"

आम्ही सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला आणि असा बघायला लागला, की मला त्याच्यात मीच दिसलो. कागद वर गेला, खाली आला, नागपूरला सरांकडे चौकशीचं पत्र गेलं, तिथून उत्तर आलं. किती महिने गेले, त्यात साळ्याचं अर्धं वजन गेलं. पण शेवटी यादी लागली आणि तिच्यात तो होता. वनरक्षक. पहिली नेमणूक अशा ठिकाणी, जिथे दोन-दोन कोसांत तलाव नाही.

यादी लागली त्या दिवशी सासुरवाडीला जेवण होतं. सासूबाईंनी तलावातली मोठी रोहू आणली होती, आणि आमच्यात मुंडी ज्याच्या ताटात पडते तो त्या दिवसाचा मानकरी. मला वाटलं साळ्याच्या ताटात पडेल. सासूबाईंनी ती माझ्या ताटात ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. "जावईबापूनं आपली जागा सोडली पोरासाठी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

मी साळ्याकडे पाहिलं. मला धूम पळताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तो खाली मान घालून भात कालवत होता आणि त्याचे खांदे हलत होते. "हाव," तो म्हणाला, "भाऊजीनं लय सोसलं माह्यासाठी. रातभर."

बायको वाढता वाढता माझ्याजवळ वाकली. तिच्या डोळ्यांत मी ओळखीचा संशय पाहिला, पण या वेळी त्याची दिशा उलटी होती.

"खरं सांगा जी," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी मुद्दामच खाल्लं ना ते? त्याची जागा व्हावी म्हनून?"

मी मुंडीत तोंड घातलं. रोहूच्या मुंडीत काटे फार असतात. त्या वेळी माणसाला बोलता येत नाही, हे तिलाही माहीत होतं. ती तशीच वाकून उभी राहिली. मी एकेक काटा सावकाश काढून ताटाच्या कडेला ठेवत राहिलो.